वीर्याचा अहवाल पाहिलात, आता त्या पुरुषालाही तपासा

प्रति,
सांगली, मिरज आणि जिल्ह्याच्या तालुक्यांत वंध्यत्वावर उपचार करणारे सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ आणि उपचार केंद्रांचे प्रमुख यांस,

विषय : वीर्यतपासणीत दोष आढळलेल्या पुरुषांची वृषणे हाताने तपासण्याबाबत आणि त्यांना वृषणाच्या कर्करोगाच्या वाढीव शक्यतेची माहिती देण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी सांगलीतील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. आपण ज्या जोडप्यांना ‘मिस्टरांचीही एकदा तपासणी करून घ्या’ असे सांगून चिठ्ठी देता, त्यांतील अनेक चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात. वीर्याचा नमुना पातळ होईपर्यंत अर्धा तास इनक्युबेटरमध्ये ठेवणे, चेंबरवर थेंब घेऊन शुक्राणू मोजणे, किती हलतात आणि किती नीट आकाराचे आहेत हे पाहणे आणि ते आकडे कागदावर उतरवणे, एवढेच माझे काम. त्या आकड्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार आपला आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, अहवालात दोष निघाल्यावर त्या पुरुषाचे पुढे काय होते हे लॅबच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढे कदाचित दवाखान्यातून दिसत नसावे. दिसते ते असे की, बहुतेक वेळा त्याचे पुढे काहीच होत नाही.

अहवाल न्यायला बहुधा पत्नी येते. ‘ताई, काउंट किती आला?’ एवढे विचारते, कागद स्वतःच्या फाइलमध्ये ठेवते आणि आपल्याकडे येते. ती फाइल तिच्या नावाची असते. तिच्यात तिच्या सोनोग्राफ्या असतात, तिचे थायरॉइड, तिच्या नळ्यांचा एक्स-रे आणि कधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा कागदही असतो. पतीचा म्हणून त्या जाडजूड फाइलमध्ये एकच कागद असतो, तो माझ्या लॅबचा. जत किंवा आटपाडीहून आलेला पती नमुना देण्यासाठी एक दिवस काढतो, कारण नमुना तासाभराच्या आत तपासायला हवा आणि तो घरून आणणे तिकडच्या लोकांना शक्य नसते. त्यानंतर तो पुन्हा दिसत नाही. काउंट कमी आला तर त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या आणि पावडर लिहून दिली जाते, तीही पत्नीच घेऊन जाते. काउंट फारच कमी असेल तर इक्सीचा, म्हणजे प्रयोगशाळेत बीजांडात सुईने एक शुक्राणू सोडण्याच्या उपचाराचा, सल्ला मिळतो. या सगळ्यात त्या माणसाला कोणी टेबलावर झोपवून तपासले का, असे मी संधी मिळेल तेव्हा विचारते आणि ‘नाही, त्यांना कशाला?’ हे उत्तर मला इतके सवयीचे झाले आहे की त्याचे आता आश्चर्यही वाटत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की, शुक्राणूंच्या अहवालात दोष आढळलेल्या प्रत्येक पुरुषाची दोन्ही वृषणे, पुढचा कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी, एकदा एखाद्या डॉक्टरने हाताने तपासावीत.

हे केवळ कर्करोगासाठी नाही. व्हेरिकोसील म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, जन्मतः नसलेली शुक्रवाहिनी, आकाराने फार लहान राहिलेली वृषणे, खाली न उतरलेले वृषण, या सर्व गोष्टी हाताला कळतात आणि त्यांतील काहींनी उपचाराची दिशाच बदलते. परंतु मी हे पत्र ज्या कारणासाठी लिहीत आहे ते कारण कर्करोगाचेच आहे, कारण बाकीच्या गोष्टी राहून गेल्या तर वेळ आणि पैसा जातो आणि ही राहून गेली तर माणूस जाऊ शकतो.

पुरुषाचे वंध्यत्व आणि वृषणाचा कर्करोग यांचा संबंध नव्याने कळलेला नाही. कोपनहेगनच्या नील्स स्काकेबेक यांनी १९७२ मध्येच वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांच्या वृषणातील पेशींमध्ये कर्करोगाची पूर्वावस्था दाखवून दिली होती. त्यानंतर डेन्मार्कमध्ये १९६३ ते १९९५ या काळात वीर्यतपासणी झालेल्या ३२,४४२ पुरुषांची नावे तिथल्या कर्करोग नोंदणीशी ताडून पाहण्यात आली आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या पुरुषांमध्ये वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या १.६ पट आढळले. ज्यांची शुक्राणूंची संख्या कमी होती त्यांच्यात ते २.३ पट होते, ज्यांच्या शुक्राणूंची हालचाल कमी होती त्यांच्यात २.५ पट आणि ज्यांच्यात सदोष आकाराचे शुक्राणू जास्त होते त्यांच्यात ३ पट. म्हणजे मी ज्या तीन रकान्यांत रोज आकडे भरते, त्या तीनही रकान्यांचा या आजाराशी संबंध आहे. शिवाय तपासणीनंतर वर्षे उलटली तरी हा धोका साधारण तेवढाच राहिला, हे त्या अभ्यासातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे, कारण त्यामुळे ‘आधीच असलेल्या गाठीमुळे काउंट कमी झाला असेल, बाकी काही नाही’ हे सोपे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

कॅलिफोर्नियातील १५ वंध्यत्व केंद्रांत १९६७ ते १९९८ या काळात आलेल्या जोडप्यांतील २२,५६२ पुरुषांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोष पुरुषाकडेच असल्याचे निदान झालेल्यांमध्ये हे प्रमाण २.८ पट निघाले. न्यूयॉर्कच्या २००५ मधील एका अभ्यासात २० पट असाही आकडा आहे आणि समाजमाध्यमांवर तोच जास्त फिरतो. पण तो ३,८४७ पुरुषांतील केवळ १० रुग्णांवर उभा आहे, म्हणून त्याच्यावर मी भर देणार नाही. दीड ते तीन पट हे उत्तर दोन वेगळ्या देशांतून, दोन वेगळ्या पद्धतींनी आणि मोठ्या संख्येवरून आलेले आहे. माझ्या मुद्द्याला तेवढे पुरेसे आहे.

हा संबंध का असावा, याचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण स्काकेबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. त्यांच्या मते वंध्यत्वामुळे कर्करोग होतो असे नाही आणि प्रत्येक वेळी कर्करोगामुळे वंध्यत्व येते असेही नाही. गर्भात वृषण घडत असतानाच काही बिघाड झाला, तर त्या एकाच बिघाडातून पुढे शुक्राणूंची कमतरता, खाली न उतरलेले वृषण, मूत्रमार्गाचे छिद्र जागच्या जागी नसणे आणि तारुण्यात वृषणाचा कर्करोग, यांपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसू शकतात. गर्भावस्थेतील ज्या बीजपेशींनी वेळेवर परिपक्व व्हायला हवे होते, त्या तशाच राहून जातात आणि वयात आल्यावर संप्रेरके वाढली की त्यांतूनच पुढे गाठ तयार होऊ शकते. पूर्वावस्थेतील अशा पेशी असलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये ५ वर्षांत प्रत्यक्ष कर्करोग होतो, असे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून दिसले आहे. याशिवाय झालेली गाठही शुक्राणूंना मारक ठरते. काही गाठी एचसीजी हे संप्रेरक सोडतात, त्याने शरीरातील इस्ट्रोजन वाढते आणि दुसऱ्या, निरोगी वृषणातील शुक्राणूनिर्मितीही मंदावते. म्हणूनच वृषणाच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा जवळजवळ निम्म्या पुरुषांचा काउंट आधीच कमी असतो.

आता प्रमाणाबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर हे पत्र वाचून कमी काउंटचा अहवाल खिशात असलेला प्रत्येक तरुण धास्तावेल. भारतात हा कर्करोग फार कमी आढळतो; १ लाख पुरुषांमागे वर्षाला १ पेक्षाही कमी. डेन्मार्क आणि नॉर्वेत तो १ लाखामागे १० च्या आसपास आहे. कमी आकड्याची तिप्पट केली तरी तो कमीच राहतो, त्यामुळे ज्याचा काउंट कमी आहे अशा माणसाला हा आजार होण्यापेक्षा न होण्याचीच शक्यता कितीतरी अधिक आहे आणि हे त्याला याच शब्दांत सांगितले पाहिजे. परंतु ‘इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी सगळ्यांना कशाला तपासायचे?’ या आक्षेपाचे उत्तरही इथेच आहे. मी सगळ्यांना तपासा असे म्हणतच नाही. जे स्वतःहून दारात आले आहेत, ज्यांचा धोका वाढलेला असल्याचा कागद हातात आहे, ज्यांचे वय बहुधा २५ ते ४० म्हणजे या आजाराच्याच वयात आहे, त्यांना तपासा, एवढेच म्हणते. त्या तपासणीला मशीन लागत नाही, रक्त लागत नाही आणि पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. आपल्या भागात साखर कारखान्याचा उतारा घटला की शेतकी खात्याची माणसे फडात जाऊन उभा ऊस बघतात. केवळ प्रयोगशाळेचा आकडा पाहून कोणी निर्णय घेत नाही.

एका रुग्णाबद्दल लिहिते, ओळख पटेल असे तपशील वगळून. तासगाव भागातील द्राक्षबागायतदार, वय तिशीच्या आत. त्याचा पहिला अहवाल आमच्याच लॅबमध्ये झाला होता. मिलिलिटरला ४० लाख शुक्राणू, जेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. पुढे काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, आकडा तसाच. त्यानंतर पत्नीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, अनेकदा आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे) झाले, शेवटी दुसऱ्या शहरातील एका केंद्रात इक्सीसाठी पैसे भरले गेले. त्या सर्व काळात उजवीकडे जड वाटते, हे त्याला कळत होते. ‘फवारणीच्या ब्लोअरवर बसून बसून असेल,’ असे त्याने पत्नीला सांगितले होते. छाटणीच्या हंगामात खोकला सुरू झाला आणि तो हटेना म्हणून एका फिजिशियनने छातीचा एक्स-रे काढला, तर दोन्ही फुप्फुसांत गोल गोल सावल्या. त्या फिजिशियनने सर्वप्रथम काय केले असेल तर त्याला पायजमा खाली करायला सांगितले. उजवे वृषण दगडासारखे टणक होते. जांघेत जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण होता. लहानपणी ते वृषण उतरले नव्हते आणि ते खाली आणण्याची शस्त्रक्रिया तो चौदा वर्षांचा असताना झाली होती. हा व्रण त्या जाडजूड फाइलमध्ये कुठेही नोंदलेला नव्हता, कारण तो पाहण्याची वेळच कोणावर आली नव्हती.

तो माणूस आज बरा आहे आणि बागेत काम करतो. हे मुद्दाम लिहिते, कारण वृषणाचा कर्करोग हा पसरल्यानंतरही बरा होऊ शकणाऱ्या थोड्या कर्करोगांपैकी एक आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात, इंडियाना विद्यापीठात, लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून या आजाराचे चित्रच पालटले. युवराज सिंगला २०११ चा विश्वचषक जिंकल्यानंतर छातीत जी गाठ निघाली ती याच कुळातील, बीजपेशींची गाठ होती आणि त्याचे उपचारही इंडियानापोलिसमध्येच झाले. आज सर्व टप्पे मिळून या आजाराचे ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण वाचतात आणि गाठ वृषणापुरतीच असताना सापडली तर जवळजवळ सर्वच. मग उशीर झाला तर बिघडते काय, असे कोणी विचारेल. लवकर सापडलेल्या गाठीला अनेकदा एक शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची नियमित तपासणी पुरते. उशिरा सापडलेल्या गाठीला बीईपीची, म्हणजे सिस्प्लॅटिनसह तीन औषधांची, केमोथेरपी लागते, तिच्यात फुप्फुसांना, कानांना आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, कधी पोटातील गाठींसाठी मोठी शस्त्रक्रियाही लागते. आणि ज्या मुलासाठी हे जोडपे वर्षानुवर्षे फिरले, त्या मुलाची आशा केमोथेरपीच्या काळात आणखी मागे पडते. या तरुणाच्या बाबतीत उपचार इतक्या घाईने सुरू करावे लागले की शुक्राणू गोठवून ठेवण्याचा विषयही निघाला नाही.

आपल्यापैकी काहींना मी हे तोंडी बोलले आहे, तेव्हा मिळालेली उत्तरे प्रामाणिक होती, म्हणून त्यांचा विचार करते. ‘आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ, पुरुषाची तपासणी आमचे क्षेत्र नव्हे’, हे पहिले उत्तर. ते मान्य केले तरी त्याचा अर्थ ती कोणीच करू नये असा होत नाही. मूत्ररोगतज्ज्ञ मिरजेत आहेत, सांगलीत आहेत. अहवालात दोष दिसला की पत्नीच्या पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीसोबत पतीसाठीही एक चिठ्ठी लिहावी, इतकी ही सोपी गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी मूत्ररोगतज्ज्ञ नसेल तर कोणताही सर्जन ही तपासणी करू शकतो आणि फॅमिली डॉक्टरही करू शकतो. ‘पुरुष तयार होत नाहीत’, हे दुसरे उत्तर. यात तथ्य आहे. मूल होत नाही याचा दोष आपल्याकडे आहे हे स्वीकारणेच अनेकांना जड जाते, घरचे तर सुनेकडेच बघत असतात. तरीही डॉक्टरांनी ‘ही तपासणी झाल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येणार नाहीत’ असे सांगितले तर नकार देणारे थोडेच असतात, असा माझा अनुभव आहे; रक्ततपासणीला जसे येतात तसेच येतात. तिसरे उत्तर कोणी उघड बोलत नाही, पण ते सर्वांत प्रभावी आहे. इक्सीत एका बीजांडाला एक शुक्राणू पुरतो, त्यामुळे शुक्राणू कमी का आहेत हे शोधण्याची गरजच राहिलेली नाही. १९९२ मध्ये हे तंत्र यशस्वी झाल्याचे जाहीर झाले आणि असंख्य घरांत पाळणा हलला, हे खरेच आहे. परंतु त्याच तंत्राने पुरुषाला तपासणीच्या खोलीतून बाहेर काढले, हेही तितकेच खरे आहे.

सोनोग्राफीबाबत तज्ज्ञांत एकवाक्यता नाही, हे मला माहीत आहे. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे वंध्यत्व असलेल्या पुरुषांची वृषणांची सोनोग्राफी करावी असे सांगतात, तर अमेरिकेतील संस्थांनी २०२० मध्ये ती पहिल्याच तपासणीत सरसकट करू नये असे म्हटले. त्या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. पण कमी काउंटच्या पुरुषांना त्याच्याशी निगडित आरोग्याच्या धोक्यांची माहिती द्यावी, असे त्याच अमेरिकी मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे आणि शारीरिक तपासणी तर दोन्हीकडे गृहीतच धरलेली आहे. वाद सोनोग्राफीचा आहे, हाताचा नाही. माझे वैयक्तिक मत विचाराल तर, ज्याचे वृषण लहानपणी उतरले नव्हते, ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला होता, ज्याचे वृषण १२ मिलिलिटरपेक्षा लहान आहे किंवा पाणी भरल्यामुळे हाताला नीट लागत नाही, त्याची सोनोग्राफी करायला मागेपुढे पाहू नये.

हाताला गाठ लागली तर पुढे काय करावे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण हे पत्र फॅमिली डॉक्टर आणि रुग्णही वाचतील, म्हणून दोन गोष्टी लिहिते. न दुखणारी टणक गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा अधिक काळजीची असते आणि संसर्ग समजून अँटिबायोटिकचे कोर्स देत राहण्यात अनेकांचे महिने वाया जातात. एका कोर्सने सूज उतरली नाही तर सोनोग्राफी आणि एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या तीन रक्ततपासण्या करून घ्याव्यात. दुसरी गोष्ट, कर्करोगाचा संशय असलेल्या वृषणात वृषणकोशाच्या बाजूने सुई घालू नये आणि त्या बाजूने छेदही घेऊ नये. शस्त्रक्रिया जांघेतूनच करतात, अन्यथा रोग नव्या वाटेने पसरण्याचा धोका असतो. ‘पाणी झालेय, काढून टाकू’ म्हणून कोणी सुई घालायला निघाला, तर आधी सोनोग्राफी झाली का, हे रुग्णाने न संकोचता विचारावे. एक वृषण काढल्याने पुरुषत्व जात नाही. दुसरे निरोगी असेल तर संप्रेरके आणि बहुतेकदा शुक्राणूही तेवढ्यावर भागतात.

शस्त्रक्रियेपूर्वी, आणि केमोथेरपीपूर्वी तर नक्कीच, शुक्राणू गोठवून ठेवण्याचा पर्याय प्रत्येक तरुण रुग्णापुढे मांडला गेला पाहिजे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रांतच हे करता येते, म्हणजे ही जबाबदारी प्रत्यक्षात आपल्यातीलच काही जणांवर येते. एक नमुना गोठवायला एक दिवस पुरतो. काउंट ‘निल’ आलेल्यांच्या, म्हणजे नमुन्यात एकही शुक्राणू नसलेल्यांच्या, बाबतीतही वृषण काढताना त्यातील निरोगी भागातून शुक्राणू मिळण्याची शक्यता असते, पण त्यासाठी सर्जन आणि आपले केंद्र यांचे आधी बोलणे झालेले असायला हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे, त्यामुळे शुक्राणू गोठवण्याचा थोडा खर्च बहुतेक कुटुंबे वेळेवर सांगितले तर उचलतात. प्रश्न वेळेवर सांगण्याचा आहे.

जाता जाता एक तक्रार. कमी काउंटवर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने दिलेले रुग्ण अधूनमधून येतात. काहींना ती जिममध्येच मिळालेली असतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि होते नव्हते ते शुक्राणूही कमी होतात. ‘ताकद’ वाढल्यासारखी वाटते आणि पुढचा अहवाल निल येतो. फवारणीच्या औषधांबद्दलही मला नेहमी विचारले जाते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कामगारांना वंध्यत्व आल्याचे सिद्ध झाले होते, त्यामुळे शेतीच्या रसायनांचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, हे खरेच आहे. वृषणाच्या कर्करोगाशी मात्र आपल्या बागांतील औषधांचा संबंध सिद्ध झालेला नाही आणि तो सिद्ध झाल्यासारखे कोणी बोलू नये. फवारताना मास्क आणि हातमोजे वापरावेत, हे त्याशिवायही सांगता येते.

शेवटी एक विनंती जिल्हा आरोग्य विभागाला, कारण या आजाराची जी एक खूण जन्मापासून दिसते ती आपल्या दवाखान्यांत नव्हे, अंगणवाडीत दिसायला हवी. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के मुलग्यांमध्ये जन्मतः एक किंवा दोन्ही वृषणे खाली उतरलेली नसतात. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांची आपोआप उतरतात आणि वर्षाच्या अखेरीस सुमारे १ टक्का उरतात. सहा महिन्यांपर्यंत उतरले नाही तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, अशी आजची शिफारस आहे. उशीर किती महाग पडतो, हे स्वीडनच्या २००७ मधील अभ्यासात दिसले. वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया झालेल्या १६,९८३ पुरुषांपैकी ज्यांची ती १३ वर्षांच्या आत झाली त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या २.२३ पट होते, तर त्यानंतर झालेल्यांमध्ये ५.४० पट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. त्या वेळी दोन वर्षांखालील प्रत्येक मुलग्याची चड्डी काढून दोन्ही बाजू तपासल्या गेल्या आणि ते कार्डावर लिहिले गेले, तर वर सांगितलेल्या तरुणाची शस्त्रक्रिया चौदाव्या वर्षी करण्याची वेळ पुढच्या पिढीतील मुलावर येणार नाही. ‘मोठा झाला की उतरेल’ असे आजी सांगते, इतपत ठीक. आरोग्य कर्मचाऱ्याने ते सांगता कामा नये.

आपणा सर्वांना माझी प्रत्यक्ष सूचना लहानशी आहे. वीर्यतपासणीच्या चिठ्ठीवर आज पत्नीचे नाव, पतीचे वय आणि किती दिवस संबंध ठेवलेला नाही, एवढेच लिहून येते. त्यात आणखी दोन ओळी याव्यात : ‘लहानपणी वृषण न उतरल्याचा किंवा जांघेतील शस्त्रक्रियेचा इतिहास’ आणि ‘दोन्ही वृषणे हाताने तपासली : होय / नाही’. ज्या केंद्रांची स्वतःची लॅब आहे त्यांनी त्या आपल्या अर्जात छापाव्यात. आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टांशी मी बोलले असून, मर्यादेखालील प्रत्येक अहवालाच्या तळाशी ‘रुग्णाची शारीरिक तपासणी झालेली नसल्यास ती करून घ्यावी, वृषणाचा कर्करोग आहे की नाही हे या वीर्यतपासणीतून कळत नाही’ हे वाक्य मराठीत छापायला त्यांची संमती मिळाली आहे. या वाक्याच्या शब्दांवर कोणाचा आक्षेप असेल किंवा त्यात काही भर घालायची असेल तर पुढचा छापील गठ्ठा येण्यापूर्वी कळवावे, म्हणजे तशी दुरुस्ती करून घेता येईल.

आपली नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली